गरुड मेमरीत मावेना

फक्त एक आकडा बदलायचा होता. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक मला विचारतात, "पण एवढा खटाटोप कशासाठी?" तर एका आकड्यासाठी. चौसष्ट खोडायचं आणि तिथे शहाण्णव लिहायचं. खोडरबर हातात धरता येणाऱ्या कुणालाही जमेल असं काम. पण माझ्या आयुष्यात सोपी कामं येतात ती घरातून निघतानाच वेश बदलून येतात.

आता चौसष्ट कशाचे, तर टाक्यांचे. आमच्या पुढच्या खोलीत माझ्या बायकोचं विणकामाचं मशीन आहे. लांबलचक, सुयांची रांग असलेलं, आणि पाहुण्यांना बसायला जागा न ठेवणारं. त्याच्या शेजारी एक कॉम्प्युटर आहे. कोणत्या ओळीत कोणती सुई पुढे यायची आणि कोणती मागे राहायची, हे तो मशीनला सांगतो. आणि कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलं? मी. प्रोग्रॅम माझा. दिवसा विमा कंपनीत कागद पुढे सरकवत होतो त्या काळात, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, स्वतःच्या अकलेने लिहिलेला. माझ्या नोकरीत मी केलेलं एकही काम आज कुणाला आठवत नाही, पण या प्रोग्रॅमवर विणलेली बदकं या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या छातीवर फिरून आली आहेत.

त्या वेळी मी ठरवून टाकलं होतं की कोणतंही चित्र चौसष्ट टाक्यांपेक्षा रुंद असणार नाही. बदक मावतं, फूल मावतं, चांदणी तर मावतेच. माणसाला आणखी काय विणायचं असतं?

मग शाळेची ऑर्डर आली. बँडपथकाच्या जर्सी. दुसऱ्या शाळांबरोबर मोठ्या मैदानावर संचलन होतं, त्यासाठी. तयार कपड्यांची दुकानं झाल्यापासून बायकोकडे येणारं काम आटत चाललं होतं, त्यामुळे ही ऑर्डर घरात आली तेव्हा ती दिवसभर गुणगुणत होती. तिने शब्द दिला. नमुना विणला. आणि आम्ही दोघं तो घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो.

बाईंनी जर्सी टेबलावर पसरली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"गरुड," बायको म्हणाली. "तुमच्या शाळेचं चिन्ह."

"गरुडाला पंख असतात."

"आहेत ना," मी म्हणालो. "थोडे आहेत."

पंख होते, पण चौसष्ट टाक्यांच्या हद्दीशी येऊन कुणी कात्रीने कापावेत तसे दोन्हीकडून संपले होते. बाईंनी शिपायाला हाक मारली. "हे काय दिसतं तुम्हाला?" शिपायाने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "कोंबडी." मग आणखी जवळ येऊन, माझ्याकडे बघत, म्हणाला, "बसलेली."

"आमच्या शाळेचं चिन्ह कोंबडी नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पूर्ण पंखांचा गरुड द्या, नाहीतर तसं सांगा, मी तयार जर्सी मागवते."

बायकोचा चेहरा एवढासा झाला. मला मात्र चेव आला. कारण पंख तिने कापले नव्हते, माझ्या प्रोग्रॅमने कापले होते. मी उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि म्हणालो, "बाई, हा एका आकड्याचा प्रश्न आहे. संध्याकाळपर्यंत गरुड उडेल."

कोणती संध्याकाळ, हे मी म्हणालो नव्हतो. तेवढी एक गोष्ट नशिबाने बरी झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅम लिहिताना तो माणसाच्या भाषेच्या जवळपासचा असतो. यंत्राला तो कळत नाही. यंत्राला कळेल अशा आकड्यांत तो उतरवून देणारा एक दुभाषा लागतो, त्याला म्हणतात कंपायलर, आणि या उतरवण्याला म्हणतात कंपाइल करणं. आजकालच्या कॉम्प्युटरवर हे काम तुम्ही शिंकेपर्यंत होतं. आमचा कंपायलर जुन्या वळणाचा आहे. तो एक ओळ वाचतो. विचार करतो. फ्लॉपी घर्र घर्र करत फिरवतो. मग पडद्यावर त्या ओळीचा नंबर दाखवतो आणि पुढची ओळ वाचायला घेतो. मेमरी इतकी तुटपुंजी, की मागचं सगळं डोक्यात ठेवून पुढचं वाचणं त्याला झेपत नाही. मागचं फ्लॉपीवर ठेवतो, पुढचं उचलतो, परत मागचं लागलं की ते शोधायला जातो. सकाळी बसवला तर संध्याकाळ होते. आणि मध्ये कुठेही खंड पडला, तर पहिल्या ओळीपासून.

"मग नवीन कॉम्प्युटर घ्या ना," असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्या भाच्याच्याही आलं. तो मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि आमच्याकडे आला की आमच्या यंत्राकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. "मामा, तुम्ही उठा," तो म्हणाला. "मी तासाभरात नवीन लिहून देतो." मी उठलो. त्याने खरोखरच तासाभरात लिहिलं. पडद्यावर रंगीत गरुड पंख हलवत उडायला लागला. मग मी विणकामाच्या मशीनची केबल त्याच्या हातात दिली. मनगटाएवढी जाड केबल, पुढे दोन रांगांत पिना. भाच्याने लॅपटॉप उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला, उलटा करून पाहिला. केबल कुठेच जाईना. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

"मामा," तो म्हणाला, "तुमचंच बरं आहे." आणि चहा घेऊन गेला. त्या संध्याकाळी मी घरात जरा जास्तच ताठ चाललो.

पहिल्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रापुढे बसलो. चौसष्ट खोडलं, शहाण्णव लिहिलं, कंपायलर चालू केला. ओळी सरकू लागल्या. दुपारपर्यंत इतकं छान चाललं होतं की मी बायकोला म्हणालो, "बघ, याला म्हणतात जुनं ते दणकट काम." तेवढ्यात खोलीतला दिवा मंद झाला, पडदा काळा झाला, आणि यंत्र स्वतःशीच टिंग करून पहिल्यापासून सुरू झालं.

मी जिन्याने वर धावलो, कारण लिफ्ट चालली की आमच्याकडची वीज अशी ढेपाळते. लिफ्टमधून वरच्या मजल्यावरचे मॅनेजर उतरत होते. ते बँकेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी इमारतीत सगळे त्यांना मॅनेजरच म्हणतात, आणि तेही सगळ्यांशी कर्ज नाकारल्यासारखेच बोलतात.

"लिफ्ट तुम्ही वापरलीत?" मी विचारलं.

"अर्थात. पाय मोकळे करून आलो."

"पाय मोकळे करायला जाता आणि लिफ्टने येता?"

"मोकळे झालेले पाय परत कशाला अडकवायचे?" मॅनेजर म्हणाले. मग मी काय झालं ते सांगितलं आणि तिथेच फसलो, कारण ते सल्ला द्यायला माझ्याबरोबर खाली आले. यंत्राखाली रबराची चटई घाला. भिंतीपासून लांब सरकवा. फ्लॉपीला ऊन दाखवा. "आमच्या बँकेतल्या कॉम्प्युटरला स्वतंत्र थंड खोली होती," ते म्हणाले. "आणि आत जाताना आम्ही चपला काढायचो." त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चपला काढून यंत्रापुढे दोन मिनिटं उभा राहू लागला.

बातमी इमारतभर झाली. शेजारच्या वहिनींनी बॅटरी-बॅकअपचा डबा आणून दिला. तो वीज असताना ओरडायचा आणि वीज गेली की गप्प बसायचा, बरोबर उलटा. कुणी म्हणे मिक्सरमुळे होतं. कुणी म्हणे ग्रह. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, पुन्हा लिफ्ट. तिसऱ्यांदा बसलो, तर कुणाची तरी इस्त्री. मग मी ठरवलं की हा प्रश्न आता वरच्या पातळीवर न्यायचा.

इमारतीचे सेक्रेटरी हे सभा भरवण्याची एकही संधी न सोडणारे गृहस्थ. त्यांनी तळमजल्यावर सगळ्यांना बोलावलं. मी भाषण तयार करून गेलो होतो. मेमरी म्हणजे काय, दाब कमी झाल्यावर यंत्राची काय अवस्था होते, आणि इतिहासात चिकाटीचं स्थान काय, असे तीन भाग होते. पहिल्याच भागात दोघे जांभया देऊ लागले. मॅनेजर म्हणाले, "मुद्द्यावर या." मी म्हणालो, "मी मुद्द्यावरच आहे, मुद्दा मोठा आहे." सेक्रेटरी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मागे उभी असलेली माझी बायको म्हणाली, "काम होईपर्यंत दिवसा लिफ्ट बंद ठेवाल का? शाळेच्या मुलांचं काम अडलंय."

झालं. "हो हो, वहिनी, त्यात काय!" "आधी नाही का सांगायचं?" "आम्ही जिन्याने जाऊ." मिक्सर बंद, इस्त्र्या बंद. त्याचं कारण मला नंतर कळलं. या इमारतीतलं प्रत्येक मूल तिने विणलेलं टोपडं घालून दवाखान्यातून घरी आलंय. माझं भाषण माझ्या खिशातच राहिलं. तिसरा भाग खरंच चांगला होता.

तर लिफ्ट थांबली. आता काही अडायचं कारण नव्हतं. आणि नेमकी त्याच दिवशी वीज कार्यालयाने कोपऱ्यावरच्या फलकावर सूचना लावली: दुरुस्तीसाठी उद्या दिवसभर पुरवठा बंद.

आजचा दिवस हुकला तर उद्याचा हाताशी हवा, म्हणून कंपायलर चालू करून, यंत्र आत्याच्या भरवशावर सोडून मी तडक वीज कार्यालयात गेलो. आत्या म्हणजे माझी आत्या, आमच्याकडेच असते. तिला एवढंच सांगितलं की कुणाला हात लावू देऊ नकोस.

वीज कार्यालयात खिडकीमागे एक कारकून बसला होता. मी म्हणालो, "उद्याचा बंद पुढे ढकलता येईल का?"

"कारण?"

"कंपाइल चाललंय."

"कोणाचं?"

"प्रोग्रॅमचं."

त्याने पेन खाली ठेवलं. "घरी लग्न आहे?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"नाही."

"मयत?"

"अजून नाही."

"मग कारण नाही," तो म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. थोडा पुढे वाकून म्हणाला, "घरात उपकरणावर अवलंबून असलेलं कुणी वृद्ध असेल तर बघता येतं."

मी विचारात पडलो. खोटं बोलायचं नव्हतं. "वृद्ध आहे," मी म्हणालो. "पण तेच उपकरण आहे."

"वय?"

मी सांगितलं. "एवढ्यात वृद्ध?" तो म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये शंभरी झाली समजा," मी म्हणालो. तो मागच्या खोलीत गेला, तिथे बराच वेळ बोलणं आणि हसणं ऐकू आलं, आणि हसण्यात 'कंपाइल' हा शब्द दोनदा आला. मी भिंतीवरच्या सुरक्षा नियमांचा तक्ता वाचत उभा राहिलो. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, निदान ते तरी त्यांनी पाहिलं असतं. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, "उद्या बंद नाहीच. शिडीच आलेली नाही. फलक काढायचा राहिला."

इतकं हलकं वाटलं की मी त्याला धन्यवाद दिले, आतल्यांनाही दिले, आणि बाहेरच्या पहारेकऱ्यालाही दिले. तरंगतच घरी आलो. दारातच वास आला. लोकर तापल्याचा.

आता आमच्या आत्याबद्दल सांगायला हवं. तिला उघडी वस्तू बघवत नाही. रेडिओला, फ्रिजला, टेलिफोनला, पाण्याच्या पिंपाला, सगळ्यांना तिने विणलेली झालर लावलेली झाकणं घातली आहेत. आमच्या घरात अजून झाकायचा राहिलेला मी एकटाच. मी आत गेलो तर यंत्राला गळ्यापासून पायापर्यंत जाड लोकरीचं आवरण, वर दोन गोंडे, आणि मागे नाड्यांची घट्ट गाठ. हवा जायची सगळी भोकं बंद. पडदा काळा.

"आत्या! हे काय केलंस?"

"अरे बाळ्या, सकाळपासून घरघरत होता. थंडीने कुडकुडतोय असं वाटलं मला. माझी जुनी शाल उसवून पटकन विणलं."

"तो कुडकुडत नव्हता, काम करत होता!"

"मग आधी सांगायचं नाही? मी काय, कुणाला हात लावू दिला नाही. दार लावून बसले होते."

यात चूक काढायला जागा नव्हती. मी आवरण सोडलं. यंत्र हात भाजेल इतकं तापलं होतं. मॅनेजर येऊन म्हणाले, "पंखा लावा." सेक्रेटरी म्हणाले, "पंख्याने दाब कमी होईल." शेवटी आत्याच पुठ्ठा घेऊन वारा घालत बसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला धड रागावताही आलं नाही. यंत्र हळूहळू गार झालं. बटण दाबलं तर सुरू झालं. माझा जीव भांड्यात पडला. नव्या यंत्राला हे सोसलं असतं का, हा प्रश्न मी मुद्दाम भाच्याला फोन करून विचारला.

पुढच्या खेपेला काहीच आडवं आलं नाही. लिफ्ट गप्प, आत्या लांब, वीज नीट. ओळी सरकत गेल्या. दुपार कलली. शेवटच्या काही ओळी राहिल्या असताना पडदा थबकला आणि त्यावर दोनच शब्द उमटले: मेमरी संपली.

मला आधी खरंच वाटेना. मग हिशेब लक्षात आला. टाके वाढवले म्हणजे चित्राच्या प्रत्येक ओळीची जागा वाढली. कंपायलर, माझा प्रोग्रॅम आणि पंख पसरलेला गरुड, तिघांना एकाच खोलीत राहायचं होतं आणि खोली मुळातच लहान. गरुड मावत नव्हता. आणि मेमरी वाढवायची तर तसले तुकडे आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. दुकानातल्या पोरांना तर नुसतं नाव सांगितलं तरी ती मालकाला हाक मारतात.

मग काटछाट. आधी बदक काढलं. वाईट वाटलं, पण काढलं. चांदणी काढली. मदतीचं पान काढलं, ते कुणी वाचत नव्हतंच. चूक झाली की माझा प्रोग्रॅम पूर्वी म्हणायचा, "क्षमा करा, आपण दिलेला आकडा योग्य वाटत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करावा." तिथे आता फक्त "चूक" लिहिलं. सभ्यपणालाही मेमरी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. पुन्हा बसवलं, पुन्हा दिवसभर, पुन्हा तेच दोन शब्द. जरासंच कमी पडत होतं.

बायको मशीनपाशी बसली होती. निळ्या लोकरीचे गोळे तिने ओळीने लावून ठेवले होते. ती म्हणाली, "राहू द्या आता."

"अगं, जरासंच राहिलंय."

"उद्या मी बाईंना फोन करून सांगते की जमत नाही. आणि नंतर दोन्ही मशीनं देऊन टाकू. इथे सोफा ठेवू. माणसं नीट बसतील तरी." ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती गोळे पिशवीत भरत म्हणाली.

या खोलीत सोफा! ज्या खोलीत सकाळी उठल्यापासून तिचा हात आणि ते मशीन यांचा आवाज ऐकत मी दाढी करत आलो, तिथे सोफा ठेवून मी काय करणार होतो? मी परत पडद्यापुढे बसलो आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

पहिल्या ओळीपासून वाचलं म्हणून सापडलं. तिथे आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी काटछाट करताना बघतच नव्हतो. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी चांदण्यांची चौकट यायची. मग तिच्यात मोठ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव, खाली माझी पदविका, त्याखाली "संकल्पना, रचना आणि निर्मिती", पुन्हा माझं नाव, आणि या सगळ्यावर मी स्वतः बसवलेली एक धून. प्रत्येक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी रेखलेलं. मी मोजून पाहिलं. गरुडाच्या दोन्ही पंखांपेक्षा माझं नाव जास्त जागा खात होतं.

बदक गेलं, चांदणी गेली, सभ्यपणा गेला, तरी मी तिथे हात लावला नव्हता. दुसरीकडे कुठे माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाही हो. विमा कंपनीत तर टेबलावर पाटीसुद्धा नव्हती.

मी ती धून एकदा शेवटची वाजवली. आत्या आतून म्हणाली, "चला, सुटला एकदाचा तो आवाज!" तिला काय कळलं होतं कुणास ठाऊक. मी चौकट खोडली, नाव खोडलं, पदविका खोडली. बायकोला म्हणालो, "फोन उद्याचा दिवस थांबव."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपायलर पुन्हा बसवला. मॅनेजर जिन्याने खाली आले, घामाघूम झाले, आणि खुर्ची ओढून ओळींचे नंबर मोठ्याने वाचत बसले. नंबर ऐकून शेजारच्या वहिनी ते खालच्या मजल्यावर सांगायच्या आणि खालचे तळमजल्यावर. दुपारनंतर जिन्यात माणसं बसली होती. कुणी येऊन हळूच विचारायचं, "कसं आहे आता?" आणि मी म्हणायचो, "सरकतंय."

संध्याकाळ व्हायला आली तरी ओळी संपेनात. मी नाव खोडताना घाईत काही ओळी मागेपुढे केल्या होत्या, त्या शोधायला कंपायलर सारखा फ्लॉपीवर परत जात होता. आणि संध्याकाळी पाण्याचा पंप लागतो. लिफ्टने दिवा मंद होतो, पंपाने तर यंत्र हमखास बंदच पडतं. सेक्रेटरी पंपखोलीच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे राहिले.

"टाकी रिकामी आहे," ते म्हणाले. "लोकांना पाणी नको का?"

मी हात जोडायला उठलो. पण बायको माझ्या आधी बोलली. "सोडा पंप. माझ्यासाठी कुणाचं पाणी अडायला नको."

मॅनेजरांनी नंबर वाचला, कारण त्यांना राहवेना. सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पिशवीतून डोकावणाऱ्या निळ्या लोकरीकडे. त्यांनी जुडगा खिशात टाकला, दोन्ही खिसे वरून चाचपले आणि म्हणाले, "अरेच्चा! किल्ल्या कुठे ठेवल्या मी?"

जुडग्याची साखळी खिशाबाहेर लोंबत होती. ती सगळ्यांना दिसत होती.

"शोधा हो सावकाश," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "आमची भांडी कुठे पळून जातायत!"

सेक्रेटरी चपला काढून आत आले आणि खाली बसून पडद्याकडे बघू लागले. फ्लॉपी घरघरली. थांबली. परत घरघरली. मॅनेजर नंबर वाचायचे थांबले, कारण आता नंबर नव्हताच. पडद्यावर एक शब्द होता: पूर्ण.

मी ओरडलो असं सगळे सांगतात. मला आठवत नाही. जिन्यात टाळ्या वाजल्या, आत्याने यंत्रावरून हात फिरवला आणि सेक्रेटरींना ताबडतोब किल्ल्या सापडल्या. बायकोने लोकर ओवली आणि प्रोग्रॅम सुरू केला. ना चौकट, ना नाव, ना धून. थेट काम. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"अरे वा," ती म्हणाली. "आता किती पटकन सुरू होतो!"

मी म्हणालो, "हो, थोडी सुधारणा केली." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पण मागे मशीनचा आवाज सुरू झाला आणि मला तिथे उभं राहवेना. परत आत आलो. एकेक ओळ खाली उतरत होती. चोच आली, मान आली, आणि मग दोन्हीकडून पंख फुटले आणि पसरत गेले, चौसष्टाच्या पुढे, थेट शेवटच्या पिसापर्यंत. बायको मशीन थांबवून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, उडेल की हा!"

पुढचे सगळे दिवस ते मशीन चालू होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिली जर्सी पाहिली, चष्मा न काढता मान डोलावली आणि शिपायालाही दाखवली. त्याने नीट निरखून "ठीक आहे" म्हटलं.

संचलनाच्या दिवशी आम्ही दोघं मैदानावर गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गर्दी आईबापांची होती, प्रत्येकाची मान आपापलं पोर शोधण्यात उंच झालेली. आमच्या घरात शोधायला कुणी नाही. आम्ही शेवटच्या रांगेत, कठड्याला धरून उभे राहिलो.

ढोल वाजला आणि शाळेचं पथक आत आलं. निळ्या जर्सीच्या रांगांमागून रांगा, आणि प्रत्येक छातीवर पंख पसरलेला पांढरा गरुड. मुलं हात हलवत चालत होती तसे पंख खरंच हलल्यासारखे वाटत होते. माझी छाती इतकी भरून आली की शर्टाची बटणं ताणली. आयुष्यभर सरकवलेले सगळे कागद एकीकडे आणि हे एकीकडे.

शेजारचे एक गृहस्थ टाचा उंचावून बघत होते. मला म्हणाले, "तो तिसऱ्या रांगेतला बिगुलवाला आमचा. यातलं तुमचं कोणतं?"

मी घसा साफ केला. मेमरी, कंपायलर, लिफ्ट, पंप, कुठून सुरुवात करावी याचा मी विचार करत होतो, कारण गृहस्थ चांगले होते आणि सगळं नीट क्रमाने सांगायला हवं होतं.

बायकोने माझ्या दंडाला धरलं, मैदानाकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "सगळीच."

गृहस्थ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि मी मान डोलावली.